सुगंधाची जिल्द

हनीफने पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं, कौतिकरावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, उघडलं, आणि पहिल्याच पानावर सुगंधा मेलेली होती. उशाशी मेणबत्ती, अर्धवट ओढलेला पडदा, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली शाल, चादरीवर एकावर एक ठेवलेले हात. सगळं जिथल्या तिथे होतं, तक्रारीला जागा नव्हती. फक्त ही बाई कादंबरीच्या शेवटी मरते, आणि इथे ती मरूनच सुरू होत होती. कौतिकरावांनी पान उलटलं. बर्फ. त्यामागे खिडकी. मग त्यांनी पुस्तक मिटलं, पालथं केलं, मागचा पुठ्ठा उघडला, तर तिथे कादंबरीचं नाव, गाव, साल आणि फाटकाशी उभी राहून कोंबड्यांना दाणे टाकणारी कोवळी सुगंधा. धुळ्याच्या पाच कंदिलाजवळच्या त्या बोळात भर दुपारी ते पुस्तक असं उलटसुलट फिरवत उभे राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, म्हातारा टरबूज निवडतोय.

"पाही ल्या, नाना," हनीफ म्हणाला. "खळमा मोरचूद टाकेल शे. आते कसर लागाव नही."

ते खरंच होतं. पुस्तकातल्या किड्याची काय, कामाचीही कसर कुठेच राहिली नव्हती. पाठ कातड्याची, कोपरे कातड्याचे, मधे शाईच्या रंगाचं कापड, आणि हे सगळं उजव्या अंगाला. हनीफची चूक म्हणावी तर तीही धड चूक नव्हती. पुस्तक टाकायला आले तेव्हा कौतिकरावांनीच, थोडा मोठेपणा घेऊन, बजावलं होतं की हे इंग्रजी नाही बरं का, सांभाळून. हनीफच्या बाइंडिंगच्या दुकानात मराठी येतं ते शाळेचं, इंग्रजी येतं ते वकिलांचं, आणि उरलेलं सगळं मशिदीतलं नाहीतर उर्दू शाळेतलं. त्याची पाठ उजवीकडे असते आणि ते उघडतं आपल्या शेवटाकडून. तेव्हा जे मराठी नाही, इंग्रजी नाही आणि समुद्रापलीकडून आलेलं आहे, ते उजवीकडूनच उघडणार असं हनीफ धरून चालला. पानं सगळी सुटी झालेलीच होती. त्याने ती क्रमाने लावली, जुन्या पाठीकडची झिजलेली कड सरळ कापली आणि शिवण दुसऱ्या बाजूला घातली. कौतिकरावांनी हे सारं त्याला शक्य तितक्या शांतपणे समजावून सांगितलं. हनीफने ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे विचारलं, "तुम्हीच सांगेल व्हतं ना, इंग्रजी नही शे. मंग?"

कौतिकरावांची नोकरी सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली होती. तर्क सरळ आणि पाणी भलतीकडे, हा प्रकार त्यांना नवा नव्हता. हनीफने पुन्हा बांधून देतो म्हटलं. पण पुन्हा बांधायचं म्हणजे पुन्हा कड कापायची, आणि समास आता इतका बारीक उरला होता की कापणी चित्रांत शिरली असती. सुगंधाच्या निम्म्या कोंबड्या गेल्या असत्या. शिवाय आणखी आठवडा. कोंबड्यांचं एक वेळ त्यांनी सोसलं असतं. आठवडा त्यांच्याकडे नव्हता. जळगावला घरी पत्नी इंदिराबाई महिनाभर बिनपुस्तकाच्या होत्या, आणि त्या महिन्यात घरातून काय काय निघून गेलं होतं ते कौतिकरावांना ठाऊक होतं. त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलं, हनीफच्या वडिलांची चौकशी केली, ते वारल्याचं त्यांना विचारल्यावर आठवलं, आणि ते बसस्टँडकडे निघाले.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पारोळ्यापर्यंत त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवून नुसता हात वर ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. माघ संपत आलेला, ऊन अजून बोचत नव्हतं, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस अडकून राहिला होता आणि तो काढावा असं कुणालाच वाटत नव्हतं. कौतिकरावांना फ्रेंच येत नव्हतं. ही गोष्ट ते लपवत नसत. पण ज्याच्या घरी भिंतभर फ्रेंच कादंबऱ्या आहेत त्याला फ्रेंच येतं का असं विचारायचं लोकांना सुचत नसे, आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं न देण्याचं वळण त्यांना नोकरीने लावलेलं होतं. सुरुवात धुळ्यालाच झाली. बदलीवर असताना गनी रद्दीवाल्याच्या तराजूत त्यांना एक फाटकं पुस्तक दिसलं. कुठल्याशा गिरणीतल्या गोऱ्या विणकाम-मास्तराच्या बंगल्यातून निघालेला माल होता, आणि गनी त्याची पानं बांगड्यांच्या गुंडाळणीसाठी फाडत होता. फाडता फाडता एक पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद वर आला आणि त्याखाली एका माणसाचा चेहरा. कौतिकरावांनी खिशातलं भिंग काढलं. सगळा चेहरा रेघांचा होता. नुसत्या कपाळावरच्या सावलीसाठी त्या कारागिराने इतक्या रेघा ओढल्या होत्या की तेवढ्यात गिरणा नदीचा कालवा भडगावपर्यंत कागदावर उतरला असता, आणि एकही रेघ दुसरीला चिकटली नव्हती. रेघ कशाने जड होते, कशाने थरथरते, हे ज्याने जन्मभर पाहिलं त्याला त्या कपाळापुढे उभं राहून थोडं अपमानित झाल्यासारखं वाटलं. ते पुस्तक त्यांनी घरी आणलं. मग दुसरं. मग मुंबईच्या फुटपाथवरचा एक जण, पाँडिचेरीचा एक जण, पार्सलं, पोस्टमनचे प्रश्न. नेम ठरत गेले: फक्त फ्रेंच, फक्त कादंबरी, फक्त एकोणिसाव्या शतकातली, चित्रांची, आणि चित्रावरचा तो पापुद्रा शाबूत. कागदावर उठणाऱ्या तांबूस डागांना ते वांग म्हणत आणि जरा वांग असलं तरी चालवून घेत; वयात येतंच ते, म्हणत.

गल्लीत 'फ्रेंच' आणि 'चित्रं' हे दोन शब्द एकत्र पसरले आणि काही वर्षं कौतिकरावांना चांगला मान मिळाला. बँकेतला रुपचंद एकदा संध्याकाळी येऊन दार लोटून बसला आणि घसा साफ करून म्हणाला की नाना, आमच्यापासून काय लपवायचं. त्यांनी त्याला सुगंधा दाखवली. रुपचंदने शेवटापर्यंत धीर धरला, बाईच्या अंगावर प्रत्येक चित्रात आधीपेक्षा जास्तच कपडे चढत गेलेले पाहिले, आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. तेव्हापासून मान गेला तो गेलाच. कॉलेजातले एक प्राध्यापक पुढे आले होते. त्यांना भाषा येत होती, ते गोष्ट वाचून सांगतो म्हणाले, अगदी आनंदाने. कौतिकरावांनी त्यांना चिवडा दिला, पंख्याचा वेग वाढवला, पुस्तक मात्र काढलं नाही. कारण गोष्ट घरात होती. ती इंदिराबाईंनी आणि त्यांनी मिळून केलेली होती, आणि तिच्यात आता तिसऱ्याची, विशेषतः ज्याला खरी माहीत आहे अशाची, सोय नव्हती.

इंदिराबाई यावलच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पुढे केळीच्या बागा आणि धाकटी भावंडं. लग्नानंतर त्या जळगावात शहरी मराठी शिकल्या आणि कौतिकरावही आपलं शिंदखेड्याचं 'शे' गिळून 'आहे' म्हणायला लागले. दोघं एकमेकांशी अशी पाहुण्यांसारखी स्वच्छ भाषा जन्मभर बोलले. बाकी सगळ्यात नवरा पुढे आणि बायको मागे. फक्त या पुस्तकांपुढे दोघं सारखे अडाणी होते, आणि कौतिकरावांच्या आठवणीत संसार म्हणून जे काही होतं ते बरंचसं तिथेच झालं होतं. जेवणं आटोपली की इंदिराबाई हात पुसून येत, पुस्तक स्वतः मांडीवर घेत, पुठ्ठा उघडत. पुस्तकांना नावंही त्यांचीच: जहाजवाली, नकटा सरदार, दोघी बहिणी. फाटकाशी उभ्या मुलीच्या हातात एक फूल होतं म्हणून ती सुगंधा. सुगंधाचा बाप तालेवार, आई नाही, हे कोंबड्यांवरून ठरलं. आई असती तर पोरगी भरदुपारी फाटकाशी उभी राहिली नसती. मग देवळातलं लग्न. पांढऱ्या कपड्यांवर इंदिराबाईंनी हरकत घेतली, पण तिकडे रीत आहे म्हटल्यावर सोडून दिली. मग नदीकाठचं घर, होडी, पाळणा, रिकामा पाळणा, खिडकी, बर्फ. पाळण्याच्या चित्राशी कौतिकराव पूर्वी दोन पानं एकदम उलटत. त्या दोघांची मुलगी बाळसं धरण्याआधीच गेली होती. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं. एकदा इंदिराबाईंनी अंगठा पानावर दाबून धरला आणि म्हणाल्या, राहू द्या, पाहू द्या मला. त्यानंतर ती दोन चित्रं रोज दिसत, आणि त्यांच्याविषयी गोष्टीत एकही वाक्य नसे. गोष्ट तिथे गप्प बसे आणि खिडकीपाशी पुन्हा बोलायला लागे. शेवटचं मेणबत्तीचं चित्र मात्र कौतिकरावांनी कधीच दाखवलं नाही. बर्फाशी ते पुस्तक मिटत, म्हणत, संपलं, आणि इंदिराबाई विचारत, मग पुढे तिचं काय झालं असेल, आणि ते म्हणत, असेल कुठेतरी.

एरंडोल मागे गेलं. कौतिकरावांनी वर्तमानपत्राचं एक टोक उचकटून पाहिलं आणि पुन्हा दाबलं. डॉक्टरांकडे नेलं होतं ते दिवाळीनंतर. इंदिराबाई तोवर दूध ऊतू घालवत होत्या, बंबात पाणी न घालता विस्तव करत होत्या, बहिणीच्या मरणाची चौकशी पुन्हा पुन्हा करून दर वेळी नव्याने रडत होत्या. डॉक्टर तरुण होता, चष्मा घालून मनापासून प्रश्न विचारत होता. आज वार कोणता. गाव कोणतं. इंदिराबाईंनी काही सांगितलं, काही चुकवलं. मग त्याने कौतिकरावांकडे बोट दाखवून विचारलं, यांचं नाव काय. इंदिराबाईंनी मान खाली घातली, पदर पुढे ओढला आणि गप्प बसल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. डॉक्टरने काहीतरी लिहिलं. कौतिकरावांना उभ्या आयुष्यात क्वचित राग आला असेल, तो तिथे आला. ते म्हणाले, डॉक्टरसाहेब, ती विसरलेली नाही, ती नाव घेत नाही; आमच्यात बायका घेत नाहीत. डॉक्टर ओशाळला, म्हणाला, मग उखाण्यात सांगा, आजी. इंदिराबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. लग्नात त्यांनी उखाणा घेतला होता म्हणतात, पण नेमका तेव्हा बँड वाजत होता आणि ज्याच्यासाठी घेतला त्याला ऐकू आला नाही. त्यानंतर रेशनच्या दुकानात, जनगणनेत, दवाखान्यात, नवऱ्याचं नाव म्हटलं की इंदिराबाई शेजारच्या माणसाकडे पाहत आणि शेजारचा सांगे. इतकंच काय, नावाच्या जवळ जाणारा शब्दही त्या टाळत. कुणाच्या लेकराचं, कुणाच्या लुगड्याचं त्यांना कौतुक वाटलं तर त्या 'नवल' म्हणत. त्यामुळे कौतिकरावांचं कौतुक त्यांच्या घरात कधी झालं नाही, आणि त्यामागचं कारण इतकं सन्माननीय होतं की तक्रार करता येत नव्हती.

त्या दवाखान्यातून बाहेर पडताना त्यांना एक बारीकसा आधार सापडला होता, आणि महिनोन् महिने ते तो धरून होते. बाकी जे जायचं ते जावो. जोवर ती आपलं नाव घेत नाही, तोवर ती आपली बायको आहे. विसरलेल्या माणसाला लाज कशाला वाटेल? पदर पुढे येतो म्हणजे कुणापुढे तरी येतो. या हिशेबात एक भोक होतं ते त्यांना दिसत होतं: नाव आठवत नसेल तरीही ती गप्पच बसणार, आणि बाहेरून दोन्ही गप्प बसणी सारखीच दिसणार. पण रेघांच्या माणसाला माहीत असतं की सारख्या दिसणाऱ्या दोन रेघांत एक नदी असते आणि एक तालुक्याची हद्द. संध्याकाळी पुस्तक उघडलं की इंदिराबाई अजूनही विचारत होत्या, अहो, मग पुढे तिचं काय झालं असेल. हे 'अहो' महिन्याभरापूर्वीपर्यंत येत होतं. रोजच्या हाताळण्याने पाठ फाटली, पानं सांडायला लागली, पाळणा खाटेखाली सापडायला लागला, म्हणून पुस्तक धुळ्याला टाकलं. आणि पुस्तक गेल्यावर शहरी मराठीही गेली. आधी 'आहे' गेलं आणि यावलचं 'हाये' आलं, मग 'अहो' यायचं थांबलं. त्यांना काही म्हणायचंच झालं तर त्या नुसतं बोलायला लागत. आणि आता ते घरी काय घेऊन चालले होते, तर मरणापासून सुरू होणारं पुस्तक. आपण उजवीकडून धरू, बस. पहिलं पान आपणच काढून देऊ. जळगावचं स्टँड येईपर्यंत त्यांनी हे मनात इतक्या वेळा केलं की उजव्या हाताचा अंगठा दुखायला लागला.

घरी ताईबाई डाळ निवडत बसल्या होत्या. शेजारच्या विधवा बाई. कौतिकराव बाहेर गेले की त्या येऊन बसत. इंदिराबाईंच्या कुठल्याही बोलण्याला त्या हो म्हणत, कारण नाही म्हणून पाहिलं होतं आणि त्याने दिवस लांबतो असा त्यांचा अनुभव होता. इंदिराबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, वेणी घातलेली, चेहरा धुतलेला, पाहुण्यांकडे बसवून ठेवलेल्या मुलीसारख्या. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट खाटेवर येत होतं. कौतिकरावांनी वर्तमानपत्र सोडलं. पुस्तक दिसताच इंदिराबाईंचे हात पुढे आले, आणि बसमध्ये ठरवलेलं सगळं तिथेच संपलं. ज्या हातांनी वर्षानुवर्षं ते पुस्तक उघडलं त्या हातांतून ते काढून घेऊन असं नाही, असं धर, हे सांगायचं कौतिकरावांच्याने झालं नाही. इंदिराबाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं. कातड्याची पाठ डावीकडे, जुन्या सवयीने. उजवीकडून पुठ्ठा उचलला. पापुद्रा बाजूला केला.

कधीच न पाहिलेलं चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं. कौतिकराव उभेच होते. ताईबाईंच्या ताटात डाळीतला खडा वाजला.

"निजेल हाये," इंदिराबाई म्हणाल्या. "बिमार व्हती बिचारी. आता बरी व्हईन."

पान उलटलं. बर्फ. सुगंधा बर्फातून पाठमोरी चाललेली, जशी नेहमी चाललेली असे, फक्त आता ती खाटेवरून उठून चालली होती. मग खिडकी, ती कुणाची तरी वाट पाहतेय असं इंदिराबाईंनी सांगितलं. गेला महिनाभर त्यांना वाक्य शेवटाला नेता येत नव्हतं आणि आता एकामागून एक वाक्यं येत होती, यावलची, ठसठशीत, कौतिकरावांच्या मदतीवाचून. आजवर गोष्ट ते सांगत आणि त्या भर घालत. आज त्यांना भर घालायलाही जागा मिळत नव्हती. मग रिकामा पाळणा आला. इंदिराबाई म्हणाल्या, पाळणा आणून ठेवला, पाहा. पान उलटलं आणि पाळण्यात मूल होतं. इंदिराबाईंनी त्याच्या कानशिलावर बोट फिरवलं. पुढचं पान उलटलं आणि पाळणाच नव्हता; होडी होती, नदी होती, छत्री घेतलेली हसरी सुगंधा होती, आणि तिला कुठे काही गमावल्याची खूण नव्हती. इतकी वर्षं ज्या ठिकाणी गोष्ट गप्प बसत आली होती ती जागा इंदिराबाई पायाला पाणी न लागता ओलांडून गेल्या. चांगलं झालं, असं कौतिकरावांनी स्वतःला सांगितलं. तिच्या वाटचं ते ओझं एकदाचं उतरलं. आणि त्याच वेळी त्यांना कळलं की त्या बिननावाच्या मुलीला ओळखणारं माणूस आता जगात एकच उरलं आहे, आणि ते या खोलीत उभं आहे, अजून चपला न काढता.

देवळातलं लग्न आलं नि गेलं. नवरा, पुरोहित, पांढरा झगा, सगळे एका पानाआड गेले. शेवटी फाटक. ऊन आता पानावर पडलं होतं आणि कोंबड्यांची पिसं एकेक दिसत होती. इंदिराबाईंनी पुस्तक थोडं लांब धरलं आणि समाधानाने मान हलवली.

"आली घरी," त्या म्हणाल्या. "किती कौतिक."

कौतिकराव दचकले. शब्द होता की नाव होतं? यावलकडे कौतुकाला कौतिकच म्हणतात, त्यात काही विशेष नाही, कुठलीही बाई म्हणते. पण ही म्हणत नव्हती. ही नवल म्हणत असे. त्यांनी इंदिराबाईंच्या डोक्याकडे पाहिलं. पदर खांद्यावर होता. तो कधी खाली आला ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. कचेरीत, बाजारात, डॉक्टरपुढे कधी न सुटलेली आईची भाषा त्यांच्या तोंडातून आपोआप बाहेर पडली.

"बरं शे ना?" त्यांनी विचारलं.

इंदिराबाईंनी वर पाहिलं. नीट, तोंडभर, डोळ्याला डोळा देऊन, परक्या पण भल्या माणसाकडे पाहावं तसं.

"तुम्ही शिंदखेड्याकडले का, भाऊ?" त्यांनी विचारलं. "तिकडले लोक असेच शे शे करता."

कौतिकरावांनी मान हलवली.

"तिकडला एक जन मले पाहून गेला. कौतिक नाव हाये त्याचं."

तर ते असं होतं. त्यांनी त्या नावाची कल्पना कितीदा केली होती. उखाण्यात, तापात, मरताना. इंदिराबाईंनी ते तांब्या उचलून बाजूला ठेवावा तसं उचललं आणि ठेवलं, ना जड, ना हलकं. आवाजात लाज नव्हती, भीती नव्हती, यमक नव्हतं. नाव चांगलं वाटलं कानाला. हा कोण माणूस, असं कौतिकरावांना क्षणभर खरंच वाटून गेलं.

"वळखता का त्याले?"

"वळखस," ते म्हणाले.

"मानूस कसा हाये?"

नोकरीत त्यांनी कितीतरी जणांना वर्तणुकीचे दाखले लिहून दिले होते. शिपायांना, अनुरेखकांना, एका पक्क्या दारुड्यालासुद्धा, आणि प्रत्येकाची वर्तणूक समाधानकारक होती. इथे तो शब्द चालला नसता. पोरगी विश्वासाने विचारत होती. आई नसलेल्या पोरी अशाच कुणालाही विचारतात, असं त्यांना वाटलं, मग आठवलं की बिनआईची ती सुगंधा. हिची आई होती, चांगली धडधाकट, लग्नात तीच सर्वांत मोठ्याने रडली होती. नाही म्हणावं का? म्हणता आलं असतं. रेघांकडे पाहण्यात ज्याच्या संध्याकाळी गेल्या, ज्याने पाळण्याशी आपणहून कधी तोंड उघडलं नाही, अशा माणसाची शिफारस करायला कौतिकराव तसे फारसे उत्सुक नव्हते.

"बरा शे," ते म्हणाले. "पुस्तकं जमा करस. चित्रंना पुस्तकं."

इंदिराबाईंचा चेहरा उतरला. "मंग पंचाईत हाये. मले त चौथीपरेंतच येतं."

"त्यालेबी वाचता येत नही. नुसता पाहस."

इंदिराबाई हसल्या. तोंडावर पदर नाही, हात नाही, पुढचा पडलेला दात दाखवत मोकळ्या हसल्या, आणि ताईबाईही ताट खाली ठेवून हसल्या.

"मंग चालीन," इंदिराबाई म्हणाल्या. "त्याले सांगजा, यावलच्या पोरीनं हो म्हटलं म्हना. बापाले मी सांगते."

"सांगस."

"मंग बसले काय? दिवस हाये तवर निंघा."

ते बसलेले नव्हतेच. चपला पायातच होत्या. निरोप घेतलेल्या माणसाने ज्या बेताने निघावं त्या बेताने ते निघाले, उंबरा ओलांडला, दार मागे ओढून घेतलं आणि बाहेरच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. गल्लीत पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता. रुपचंद सायकल पुसत होता. त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. शिंदखेड्याला जायचं तर आता शेवटची गाडीही धुळ्याला बदलावी लागणार, असं कौतिकरावांच्या मनात आलं. मनात यायला तसं काही कारण नव्हतं. निरोप पोचलेला होता. परत आत जाता आलं असतं, दार नुसतं लोटलेलं होतं. पण आत जो जाईल तो शिंदखेड्याहून उत्तर घेऊन आलेला पाहुणा असेल का घरचा माणूस असेल, का ज्याला पाहून ती बिचकून ताईबाईंच्या मागे सरकेल असा कुणी असेल, हे त्यांना ठरवता येईना, आणि न ठरवता कडीला हात लावायचं धाडस होईना. दाराच्या फटीतून आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"गेले का वं ते पाहुने?" इंदिराबाईंनी विचारलं.

"गेले," ताईबाई म्हणाल्या.